बेडकाच्या गाण्यातला गचका

बालाजीसमोर कोणी "छान" म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. हे मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या टीव्हीपायी. मी लग्न होऊन हिंगोलीत आले होते, शाळेत इंग्रजी शिकवायला नुकती लागले होते, आणि आमच्या टीव्हीत सगळी माणसं हिरवी दिसत होती. गल्लीच्या तोंडाशीच बालाजीचं दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, लोकांचं जे बंद पडेल ते. तो आला, टीव्हीचं मागचं झाकण काढलं, बराच वेळ आत डोकं घालून बसला आणि माणसं पुन्हा माणसांच्या रंगाची झाली. आमचे हे खूश होऊन म्हणाले, "वा बालाजी, छान केलंस."

पिशवीत पेचकस टाकता टाकता तो थांबला. यांनी शिवी दिल्यासारखं त्यानं यांच्याकडे बघितलं.

"छान काय, साहेब? डाव्या कोपऱ्यात जरा निळं दिसून राहिलं. तुमाला न्हाई दिसलं?"

झाकण पुन्हा निघालं. आमची जेवणं त्या दिवशी गार झाली.

तेव्हापासून आमच्या घरात ठरूनच गेलं. बालाजीनं काही दुरुस्त करून आणलं की आधी नाक मुरडायचं. "जरा घरघर येतेय," असं म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. वस्तू कानाशी धरून तो ती घरघर शोधायचा, नसलेली घरघर दूर करायचा आणि समाधानानं घरी जायचा. "खोट सांगा" हे त्याचं पालुपद. गल्लीनं त्याचं नाव खोटवाला ठेवलं होतं आणि त्यालाही ते मंजूर होतं.

हाच न्याय तो दुसऱ्यांनाही लावायचा. कोणाची खोट काढणं म्हणजे त्याला मान देणं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माझ्या घरी जेवला की हात धुता धुता सांगायचा, "म्याडम, भाजीत हळद जास्ती पडली." हळदीच्या गावात राहून हळद जास्त पडल्याचं ऐकावं लागलेली मी एकटीच असेन. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यानं नवरीच्या बापाच्या कानात सांगितलं, की कमान डावीकडं कलली आहे. बाप अक्षता टाकायचा सोडून कमानीकडे बघत राहिला. शेवटी बालाजीच शिडीवर चढला, आणि त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरानवरीच्या मागे त्याचे पाय आहेत.

अशा माणसाचं आमच्या मुलखात जमणं अवघडच. आमच्याकडे "बराबर हाय" या दोन शब्दांवर सगळा कारभार चालतो. त्याचा अर्थ हो, चांगलं आहे, मला ऐकू आलं नाही, आणि आता तुम्ही निघा, यांतला कुठलाही असू शकतो. बालाजीला हे दोन शब्द सहन व्हायचे नाहीत.

हा माणूस मेटल संगीताच्या नादी लागला तोही खोटेपायीच. नांदेडला इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा सुट्टीत त्याच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन आला. आत कॅसेट अडकली होती. बालाजीनं ती सोडवली, लावून बघितली आणि दचकला. आवाज सगळा फाटलेला. त्यानं हेड साफ केलं, पट्टा बदलला, स्पीकर बदलला. शेवटी दुकानातल्या दुसऱ्या टेपवर कॅसेट लावली तरी तेच. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा बालाजी शरमून म्हणाला, "खोट काही सापडून न्हाई राहिली."

"दादा, गाणंच तसं आहे," मुलगा म्हणाला. "मेटल म्हणतात याला. यात आवाज मुद्दाम फाडतात."

बालाजी स्टुलावर बसला. "मुद्दाम? म्हंजी खोट हाय, आन तिलाच वाजवून राहिले?"

ती कॅसेट त्यानं ठेवून घेतली. पुढे नांदेडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली जुनी इलेक्ट्रिक गिटार आली. आवाज फाडायला जुन्या रेडिओचा अँप्लिफायर जोडला गेला. मग कोणीतरी मोडीत काढलेला कॉम्प्युटर आला आणि दुकानामागच्या खोलीत बालाजीचं मेटल सुरू झालं. वीज असेपर्यंत गल्ली थरथरायची. वीज गेली की गल्ली जेवून घ्यायची. आमच्या शेजारी रस्त्यांची कंत्राटं घेणारे एक काका राहायचे. त्यांनी मला फाटकात गाठून विचारलं, "बालाजी मेटलचं काम करून राहिला म्हनं. बारीक खडी हाय का जाड?"

एका रविवारी त्यानं मला ते ऐकायला बोलावलं. मी स्टुलावर बसले, त्यानं बटण दाबलं आणि कपाटातले रेडिओ एकसाथ खुळखुळू लागले. पण त्या गदारोळातून एक साधी, उड्या मारत जाणारी, लहान मुलाच्या तोंडची वाटावी अशी चाल येत होती. मध्येच एका जागी ती पाय अडखळल्यासारखी क्षणभर थांबायची आणि पुन्हा पळायची.

"काय आहे हे?"

"बेडूक," बालाजी म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील हे दुकान चालवायचे तेव्हा एक गिऱ्हाईक टीव्हीला जोडायची व्हिडिओ गेम दुरुस्तीला टाकून गेलं, ते परत आलंच नाही. गेममध्ये एक नकली कॅसेट घट्ट बसलेली, वरचा कागद फाटलेला, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नव्हतं. त्यात छत्री घेतलेला एक बेडूक दगडांवरून उड्या मारत जायचा. आई नव्हती, वडील दुकानात. घरात बालाजी आणि त्याची मोठी बहीण, अक्का. रिमोट एकच धड होता. म्हणून दोघं तो अर्धा अर्धा धरायची. डावीकडं बालाजी, बेडकाला पुढं न्यायला. उजवीकडं अक्का, उडी मारायला.

"आन पूर्न वेळ मला बोलून राह्यची," बालाजी म्हणाला. "हळू चाल. आता काहून थांबला? येडा हायस का बाल्या. एक चूक सोडली न्हाई तिनं माजी."

हे सांगताना एखाद्या बक्षिसाबद्दल सांगावं तसा त्याचा चेहरा झाला होता. तेच बेडकाचं गाणं त्यानं मेटलमध्ये बसवलं होतं, आणि भाऊबीजेला अक्का सासरहून, शिरड शहापूरहून आली की तिला ते ऐकवायचं होतं.

"त्याच्या आधी यातली सगळी खोट निघाली पाह्यजे, म्याडम. काहीतरी कमी हाय यात, मला सापडून न्हाई राहिलं. सांगा."

मला काय सांगता येणार? माझं डोकं दुखत होतं, ही खोट नव्हे. मी म्हटलं, "मला तर बरोबर वाटलं." त्यानं माझ्याकडं दुःखानं बघितलं.

अक्काचा त्यानं एवढा धसका घ्यावा याचं मला नवल वाटलं, कारण आदल्या भाऊबीजेला मी तिला भेटले होते. गल्लीतल्या म्हाताऱ्या तिच्या गोष्टी सांगत. दुकानदाराला वजनातला खडा दाखवणारी, शाळेत मास्तरांची बेरीज सुधारणारी. बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या होणाऱ्या सासऱ्याला तिनं पोह्यांची बशी देता देता सांगितलं होतं, "तुमच्या सदऱ्याची गुंडी एक घर चुकली." तरी त्यांनी तिला पसंत केली. मी बघितली ती अक्का मात्र पदर सावरून कोपऱ्यात बसलेली एक शांत बाई होती. मोठं घर, दीर, जावा, शेत, शेळ्या, आणि ही थोरली सून. सासरी कसं आहे विचारलं, "बराबर हाय." तब्येत? "बराबर हाय." बालाजीनं चहा आणला. मी एक घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला, कारण त्यात साखरेऐवजी मीठ होतं. अक्कानं सगळा कप संपवला. बालाजीनं विचारलं, "चहा कसा झाला, अक्का?" ती म्हणाली, "बराबर हाय." तो तिच्या रिकाम्या कपाकडे बघत उभा राहिला. घाईत त्याचा डबा चुकला असेल असं मला वाटलं होतं.

तर त्या वर्षी पावसाळाभर बालाजी खोट मागत हिंडला. हॉटेलवाल्याला ऐकवलं, तो म्हणाला बराबर हाय. बँडवाल्यांना ऐकवलं, त्यांनी वरातीत चालेल का एवढंच विचारलं. सासरवाडीला कळमनुरीला निघालेल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं ऐकवल्याशिवाय मिक्सर दिला नाही, त्याची एसटी चुकली, आणि तोही जाताना बराबर हाय म्हणून गेला. आमच्या ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "फार छान." त्यानंतर आठवडाभर बालाजी यांच्याशी बोलला नाही.

शेवटी तोच नांदेडचा मुलगा देवासारखा आला. इंटरनेटवर एक जागा आहे, तो म्हणाला, तिथं जगभरची गेमवेडी माणसं अशी गाणी टाकतात आणि एकमेकांची खोट काढतात. बालाजीनं ते दोनदा विचारून घेतलं. "कामधंदा सोडून? फुकट?" दुसऱ्या दिवशी आम्ही नेट कॅफेत होतो. गाणं चढायला जन्म लागला, मध्येच वीज गेली, परत सुरुवात केली. खाली मी इंग्रजीत लिहिलं, की ही छत्रीवाल्या बेडकाच्या गेमची चाल आहे, कृपया चुका सांगाव्यात.

चारेक दिवसांनी उत्तरं आली. मी वाचली आणि मला घाम फुटला. त्या लोकांना रीतभात म्हणून नव्हती. 'भाजलेला बटाटा' अशा नावाच्या कोणा महाभागानं तर निबंधच लिहिला होता. गिटारमध्ये जीव आहे, पण ड्रम म्हणजे कोणी बिस्किटाचा डबा बडवतंय. मधला भाग गरजेपेक्षा लांब. आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी एक ठोकाच गायब आहे, तिथं प्रत्येक वेळी ठेच लागते, हे मूळ गाण्यात नाही, हे ऐकणं म्हणजे शिक्षा आहे.

बालाजी शेजारच्या खुर्चीत श्वास धरून बसला होता. मी घसा साफ केला. "ते म्हणतात, गिटार चांगली आहे. ड्रम थोडे वेगळे वाटले."

बालाजीनं पडद्यावर वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "एवढं लांबलचक लिवलं, आन त्याचं एवढुसं मराठी? म्याडम, सगळं सांगा."

मग सांगितलं. शब्दन् शब्द, बिस्किटाच्या डब्यासकट. मला वाटलं पोरगं आता रडतं. त्याचे डोळे भरलेही, पण तो हसत होता. "वाचा पुन्हा," तो म्हणाला. "ते शिक्षेचं पुन्हा वाचा."

त्या संध्याकाळी त्यानं गल्लीत घरोघरी पेढे वाटले. लोक दारात येऊन विचारत होते, "काय रे, लग्न जमलं?"

"न्हाई," बालाजी सांगत होता. "खोट निघाली."

मग तो कामाला लागला. मधला भाग कापला. ड्रमसाठी सरळ मोंढ्यात, हळदीच्या बाजारात गेला. हळकुंडांना पॉलिश करायचा लोखंडी ड्रम असतो, गोल फिरणारा, माणूस आत मावेल एवढा. असा एक रिकामा ड्रम मालकाच्या हातापाया पडून त्यानं तासभर मिळवला आणि लाकडी ठोकळ्यानं बडवून त्याचा आवाज टेप करून आणला. मालक मला पुढे बरेच दिवस विचारायचा, पोरगं बरं आहे ना म्हणून.

राहिली ती ठेच. त्यासाठी भाजलेल्या बटाट्यानं मूळ गेमचं गाणंच पाठवून दिलं होतं. मी आणि बालाजी ते ऐकत बसलो. तीच चाल, पोरकट, उड्या मारणारी. दुसरी फेरी आली, तिचा शेवट आला, आणि गाणं न अडखळता पुढे निघून गेलं. बालाजीनं ते परत लावलं. परत.

"गचका न्हाई यात," तो म्हणाला. "आमच्यात तं गचका होता. तो आला की अक्का उडी मारायची. तेच बराबर टायमिंग होतं." मग स्वतःशीच म्हणाला, "म्हंजी खोट आमच्या कॅसेटमधी होती."

नकली कॅसेटमधलं ते अडखळणं या दोन लेकरांनी गाण्याचाच भाग समजून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. जगात हे गाणं तसं येणारी माणसं दोनच. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल. पण तो दूर कुठेतरी बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळाच हिशेब चालला होता. मग त्यानं गचका काढून टाकला.

नवं गाणं इंटरनेटवर चढलं तेव्हा तिकडे एकच गलका झाला. हे ड्रम कुठून आणले, असं लोक विचारायला लागले. बालाजीनं मला लिहायला लावलं, "हळदीचे." त्यांना ते काय कळलं देव जाणे. भाजलेल्या बटाट्यानं एकच ओळ लिहिली होती, की आता यात एकही चूक नाही. मी मुद्दाम मोठ्यानं वाचली. सातासमुद्रापलीकडून आलेली शाबासकी ऐकून मलाच चार बोटं उंच झाल्यासारखं वाटत होतं. बालाजीनं मान डोलावली आणि म्हणाला, "त्याला काय ठाऊक."

भाऊबीजेला त्यानं मला आग्रहानं बोलावलं. अक्का ओवाळून मोकळी झाली होती, पदर सावरून स्टुलावर बसली होती. मागच्या वर्षीपेक्षा थोडी वाळलेली, तशीच शांत. मी फराळ कसा झाला विचारलं. तिनं उत्तर दिलं ते तुम्हाला माहीत आहे. बालाजी एकच वायर काढून पुन्हा पुन्हा लावत होता. एवढा घाबरलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. मनात म्हटलं, अरे, जगानं तुझी पाठ थोपटली, ही गरीब बाई तुला काय बोलणार आहे?

त्यानं बटण दाबलं. रेडिओ खुळखुळले. अक्का आधी दचकली, पदर कानावर ओढला. मग चाल सुरू झाली आणि पदर हळूच खाली आला. ती जमिनीकडे बघत होती. पहिली फेरी गेली. मला तिचा उजवा हात दिसत होता, मांडीवर ठेवलेला. त्याचा अंगठा उचलला गेला होता. दुसरी फेरी संपत आली. अंगठा वर, तयार.

गाणं सरळ पुढे निघून गेलं.

अंगठा तसाच हवेत राहिला. अक्कानं मान वर केली. कपाळावर एक आठी उमटली. ती आठी मी तिच्या कपाळावर पहिल्यांदा बघितली, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र लगेच ओळखली असती.

"बाल्या," ती म्हणाली. "थांबव ते. चुकलं."

"काय चुकलं, अक्का?"

"काय चुकलं म्हून मलाच इचारतो? गचका कुटं गेला? तिथं गचका न्हाई का येत? उडी कवा मारायची मग? मेला ना बेडूक."

बालाजी मान खाली घालून उभा होता.

"इतकी वर्सं एकच गानं ऐकलं, तेबी धड न्हाई आलं तुला. आन एवढ्या जोरात काहून लावलं? आन हा दाढीचा काय अवतार? सनासुदीला बहीन येनार तं मानूस दाढी करतं का न्हाई? आन चहा. मागल्या साली मीठ घातलं होतं तू चहात, मी बोलले न्हाई म्हून काय मला कळत न्हाई?"

ती बोलत होती, आवाज चढत होता, गालांवर रंग आला होता. दाराबाहेर दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या. बालाजी चहा करायच्या निमित्तानं पडद्याआड गेला. मी मागोमाग गेले. तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

"गचका मी मुद्दाम काढला, म्याडम," तो हळू आवाजात म्हणाला. "ठेवला असता तं म्हनली असती, बराबर हाय. तिकडं गेल्यापासनं सगळ्यालाच बराबर हाय म्हनती. मिठाच्या चहालाबी. मला वाटलं, माजी अक्का गेली. बेडूक मेल्यावर तरी बोलन, म्हनलं." मग खाकरून आवाज नीट केला आणि बाहेर गेला.

त्याच्याकडे दुसरं गाणंही तयार होतं. हळदीचे ड्रम तेच, गिटार तीच, फक्त गचका जागेवर. ते त्यानं लावलं. अक्कानं स्टूल जवळ ओढलं. बालाजी तिच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला. दुसरी फेरी संपत आली, गाणं अडखळलं, आणि अक्काचा अंगठा मांडीवर टेकला. बेडूक पलीकडे गेला असावा, कारण दोघांनीही एकदमच श्वास सोडला. मलाही नकळत हायसं वाटलं.

गाणं संपलं. मग बालाजीनं विचारलं, "खोट सांग, अक्का."

तिनं विचार केला. "आता बराबर हाय," ती म्हणाली.

ते दोन शब्द बालाजीनं मुकाट्यानं ऐकून घेतले. पेचकसाकडे हात गेला नाही. अक्कानं खोलीभर नजर फिरवली आणि तिची नजर छताच्या कोपऱ्यात थांबली.

"पर ते जाळं काहून न्हाई झाडलं?"

झाडू शोधायला बालाजी उठला. बेडकाचं गाणं गुणगुणत होता, गचक्यासकट.